भोकं कशाने पाडली?

मेक्सिको सिटी

ती. नानांस,
शि. सा. न. वि. वि.

मी पाठवलेला दगडी मुखवट्याचा फोटो बघून तुम्ही विचारलंत म्हणे, "दगडाला इतकी गोल भोकं पाडली कशाने?" आईने फोनवर सांगितलं. जन्मभर लेथवर काढलेला माणूस हेच विचारणार! सविस्तर लिहितो.

तो मुखवटा तेओतिवाकानचा. इथून पन्नासेक किलोमीटरवर ते जुनं शहर आहे. हत्यारांसाठी धातू त्यांच्याकडे नव्हताच. पोकळ वेत किंवा पक्ष्याच्या हाडाची नळी घ्यायची, खाली ओली वाळू टाकायची आणि नळी फिरवत राहायची. कापते ती वाळू, नळी नुसती तिला फिरवते. दगड चिरायचा तोही दोरी आणि वाळूने. हे मुखवटे हिरवट दगडांचे. त्यातला सर्पेंटाइन हा दगड त्यातल्या त्यात मऊ. पण जेड हा दगड लोखंडाहून कठीण, आणि तेही याच रीतीने घडवायचे.

गंमत म्हणजे या मुखवट्यांच्या डोळ्यांना आरपार भोकंच नाहीत, आणि वजनही भरपूर. तोंडावर बांधून नाचायचे हे नव्हेतच. कडांना बारीक छिद्रं आहेत. आपल्याकडे गौरीचे मुखवटे बसवतात तसे ते कशावर तरी बसवत असावेत, असा कयास आहे. कयासच, कारण संग्रहालयांतले बहुतेक मुखवटे चोरून खणलेले. कुठे, कोणाशेजारी, कोणत्या दिशेला तोंड करून ठेवले होते, ते सगळं गेलं. मला तर त्यांच्यासमोर उभं राहून थोडा रागच येतो.

म्हणून मला जास्त आवडला तो इथल्या तेम्प्लो मायोर या जुन्या देवळातला मुखवटा, जेमतेम दहा सेंटिमीटरचा. 1978 मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना खणताना चंद्रदेवतेची भलीमोठी शिळा लागली आणि भर शहरात अॅझ्टेकांच्या, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या लोकांच्या, या मुख्य देवळाचं उत्खनन सुरू झालं. तिथल्या एका नैवेद्यात हा सापडला. पण तो अॅझ्टेकांचा नाही, त्यांच्या फार आधी होऊन गेलेल्या ओल्मेक लोकांचा! अॅझ्टेकांनी तो साधारण 1470 च्या सुमारास पुरला, तेव्हाच त्याचं वय दोन हजार वर्षांच्या वर होतं. म्हणजे त्यांनाही कुठून तरी जुनी वस्तू मिळाली आणि ती देवाला वाहण्याजोगी वाटली. जागेवर सापडला म्हणूनच हे कळलं, नाहीतर काचेमागे "ओल्मेक, हिरवा दगड" एवढीच पाटी लागली असती.

आईसाठी एक चोरीची गोष्ट, तिला आवडतात. पालेंके या जुन्या माया शहराच्या पाकाल राजाचा जेडच्या तुकड्यांचा मुखवटा 1952 मध्ये त्याच्या थडग्यात मिळाला. 1985 च्या नाताळात तो इथल्या मानववंशशास्त्र संग्रहालयातून चोरीला गेला आणि 1989 मध्ये परत सापडला. बाकी तपशील फोनवर.

तुम्ही मात्र मला एक कळवा. वेताची नळी, ओली वाळू आणि हाताने फिरवणं, एवढ्यावर इंचभर दगडात भोक पाडायला किती दिवस लागतील? तुमचा अंदाज हवा. कंपनीतल्या जुन्या मित्रांनाही विचारा.

तुमचा,
अभय