कुलूप भारी, कोयंडा रामभरोसे

संपादक महोदय, स.न.वि.वि.

गौरी-गणपतीला निम्मं पुणं गावाला जातं आणि मग पेपरात रोज तीच बातमी, बंद फ्लॅटचा कडी-कोयंडा उचकटून दागिने लंपास. लोक ती वाचतात आणि आणखी मोठं कुलूप घेऊन येतात. अहो, पण उचकटला तो कोयंडा ना!

आमच्या सिंहगड रोडच्या सोसायटीत अस्संच झालं. पितळी कुलूप शाबूत, कोयंड्यासकट खाली पडलेलं, बिल्डरने मारलेले इवलेसे स्क्रू चौकटीतून सरळ उपसून आलेले, कटावणी लावली की काम फत्ते. शेजारच्या दारांना चोरांनी बाहेरून कड्या घातलेल्या, म्हणजे आवाज ऐकून कोणी बाहेरच येऊ नये. सीसीटीव्ही होता की, मेंटेनन्सच्या पैशातून घेतलेला, पण हार्ड डिस्क बंद पडलीये हे कळलं पोलीस फुटेज मागायला आले तेव्हा!

सुताराला बोलवून कोयंड्याला आरपार नट-बोल्ट टाकून घ्या, नट आतल्या बाजूला, फार खर्च नाही त्यात. त्याहून बरं म्हणजे दारातच बसणारं लॅच, कारण लटकतं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या कुणालाही दिसतं, घरात कोणी नाही अशी पाटीच ती (पाट्यांची हौस आपल्याला आहेच, पण ही नको). बाहेरची कडी तर काढूनच टाका. आणि गावाला जाताना दूध बंद, पेपरही बंद, राग मानू नका साहेब, पण दारात साठलेले अंक चोरच आधी मोजतो.

सोनं तांदळाच्या डब्यात ठेवणाऱ्यांना काय बोलावं, तो डबा चोर पहिला उपडा करतात. लॉकर घ्या, पण तिथलंही माहिती असू द्या, रिझर्व्ह बँकेच्या 2022 पासूनच्या नियमानुसार लॉकर फोडला गेला तर बँक वर्षाच्या भाड्याच्या 100 पटच देणं लागते, म्हणजे भाडं 3000 असेल तर 3 लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय येतंय? विम्याचं बघाच.

आणि परत आल्यावर दार फोडलेलं दिसलं तर आत घुसून कपाटं चाचपू नका, ठसे जातात, आधी 112 लावा.

आमच्या सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला म्हणे आणखी कॅमेरे घ्यायचा ठराव येतोय. आधी जुन्याची डिस्क बदला आणि दर आठवड्याला रेकॉर्डिंग कोण तपासणार त्याचं नाव लिहा, मग बघू.

- एक वाचक, सिंहगड रोड, पुणे