गोळी का चुकवायची नाही, हेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळ्यांचा लेख वाचला. किंमत किती, मदत कुठे मिळते, ही माहिती पुष्कळांच्या उपयोगी पडेल. त्यात इमॅटिनिब या गोळीला ‘जादूची गोळी’ म्हटलं आहे. त्या शब्दासाठी हे पत्र लिहिते आहे. जादू म्हटलं की ती कशी होते हे कुणी विचारत नाही, आणि न विचारल्याचा फटका आमच्या घराने खाल्ला आहे.

माझ्या यजमानांना २०१५ साली सीएमएल, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार, निघाला. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं, दोन घासांत पोट भरायचं. पित्त समजून आम्ही कित्येक महिने काढले. रक्त तपासलं तेव्हा पांढऱ्या पेशी दोन लाखांवर गेल्या होत्या. हीच गोळी सुरू झाली, वाढलेली पानथरी (प्लीहा) उतरली, माणूस पुन्हा पोटभर जेवू लागला. चार वर्षं बरी गेली. मग कुणाला न सांगता त्यांनी गोळी बंद केली. रात्री पायात गोळे यायचे, डोळे सुजायचे, आणि आता मी ठणठणीत आहे तर कशाला खाऊ, असं त्यांच्या मनाने घेतलं. कपाटात धोतरांच्या घडीखाली मला न फोडलेली पाकिटं सापडली, तोवर अडीच महिने उलटले होते. आजार किती उरलाय ते दाखवणारी बीसीआर-एबीएलची रक्ततपासणी केली, तर आधी ०.०८ असलेला आकडा ६ च्या पुढे गेलेला. आम्ही जात होतो त्या दवाखान्यात ‘गोळी चुकवू नका’ हे दर खेपेला बजावत. का चुकवायची नाही, ते मात्र एकदाही कुणी सांगितलं नाही.

ते कारण मला घरीच कळलं, आजाराच्या फायलीतल्या पहिल्या कागदांत. एका पानावर पट्ट्यापट्ट्यांच्या बारीक काड्या जोडीजोडीने मांडल्या होत्या; नऊ आणि बावीस या आकड्यांपाशी बाण. माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे. ती म्हणाली, आई, ही बाबांची गुणसूत्रं, पेशीतले जनुकं वाहणारे धागे, आणि हे बाण कुठे दाखवायचे ते जगाला एका बाईने शिकवलं.

जॅनेट राउली त्यांचं नाव, शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टर. सीएमएलच्या रुग्णांत बावीस नंबरचं गुणसूत्र तोकडं असतं, हे फिलाडेल्फियाच्या नोवेल आणि हंगरफर्ड यांनी १९६० मध्येच पाहिलं होतं. तुकडा गळून गेला असावा, असा समज होता. राउलीबाईंना चार मुलगे. मुलं लहान असताना त्या अर्धवेळच काम करत. ऑक्सफर्डला जाऊन त्या गुणसूत्रांवरचे पट्टे उमटवायची नवी रीत शिकून आल्या. मग गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून घरच्या जेवणाच्या टेबलावर जुळवत बसायच्या. मुलं चिडवायची, आई कागदाच्या बाहुल्या खेळते. अशा बसण्यातच १९७२ मध्ये त्यांच्या लक्षात आलं, की बावीसचा जेवढा तुकडा गेलाय तेवढंच नऊचं टोक वाढलंय. तुकडा हरवला नव्हता, दुसरीकडे जाऊन जोडला गेला होता. १९७३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानाच्या नियतकालिकात ते छापून आलं. गुणसूत्रांतले असे बदल कर्करोगामुळे होतात, त्यांच्यामुळे कर्करोग होत नाही, असं तेव्हा बहुतेक जाणकार मानत. राउलींनी तो समज हलवला. पुढे इतरांनी दाखवलं, की ती टोकं जुळतात तिथे दोन जनुकांचं एकच जनुक होतं, त्यातून बनणारं प्रथिन पेशीला थांबू देत नाही, आणि पांढऱ्या पेशी वाढतच राहतात. इमॅटिनिब नेमकी त्या प्रथिनाच्या खाचेत बसते. अमेरिकेत २००१ मध्ये तिला मंजुरी मिळाली, आणि आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ च्या निकालात पेटंट नाकारलं म्हणून आमच्यासारख्यांना इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी घेता येते.

मी शिवणकाम करते. फर्मे कापण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे त्या टेबलावरची कात्री मला लगेच दिसली. दोन चिंध्या घेतल्या, एक लांब निळी, एक आखूड पांढरी. दोन्हींची टोकं कापली, अदलाबदल करून टाके घातले आणि यजमानांच्या हातात दिल्या. त्यांनी कितीतरी वेळ त्या जोडावरून बोट फिरवलं. मग विचारलं, “म्हणजे ही शिवण अजून माझ्या आत आहे?”

आहे. गोळी शिवण उसवत नाही, तिच्यातून बनलेल्या प्रथिनाला फक्त काम करू देत नाही. त्या पेशी मरत जातात, पण काही दबून राहतात, आणि गोळी थांबली की उठू शकतात. आमच्या रिपोर्टातला बीसीआर-एबीएलचा आकडा हेच सांगतो. त्या जोड-जनुकातून निघालेले आरएनएचे निरोप रक्तात किती सापडले, त्याचं ते माप. जनुक पेशीत नुसतं असणं वेगळं, ते बोलत असणं वेगळं. हे बोलणं वाढतंय की मिटतंय ते पीसीआर तपासणीत कळतं, अंगात कसलाही त्रास जाणवण्याच्या कितीतरी आधी. ‘मला बरं वाटतंय’ यावर म्हणूनच भरवसा ठेवता येत नाही. काही रुग्णांची गोळी वर्षानुवर्षं चांगले रिपोर्ट आल्यावर डॉक्टर थांबवतात, तेही वारंवार रक्त तपासत. आमच्या घरी पाकिटं लपवून झालं तसं नव्हे.

त्यानंतर यजमानांनी एकही गोळी चुकवलेली नाही. रात्री जेवण झालं की पेलाभर पाण्याबरोबर घेतात. आकडा खाली यायला वर्ष गेलं, त्या वर्षात मला झोप नव्हती. दुसऱ्या कुणाच्या बायकोने ते वर्ष काढू नये असं मनापासून वाटतं.

संपादकसाहेब, नऊ आणि बावीस या आकड्यांवरूनच २२ सप्टेंबर हा जागतिक सीएमएल दिन पाळतात. त्या दिवशी पान देता आलं तर राउलीबाईंबद्दल छापा, आणि गुणसूत्रांचा तो पट्ट्यांचा फोटो मोठा करून, बाणांसकट छापा. बऱ्याच रुग्णांच्या फायलीत तो असतो, पण कुणी उलगडून दाखवत नाही. चित्राखाली काय लिहायचं ते एखाद्या रक्तरोगतज्ज्ञांकडून मराठीत लिहून घ्या. आमच्याकडची चिंधी हवी असेल तर फोटो काढून पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक, मिरज