तो घायपात नव्हे, युक्का!

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पांढऱ्या घंटांसारख्या फुलांचा भलामोठा तुरा छापून आला. खाली ओळ होती, 'घायपाताला आयुष्यात एकदाच येणारा बहर'. छायाचित्र सुरेख आहे, पण ते झाड घायपात नाही, युक्का आहे. एरवी एवढ्याशा चुकीसाठी मी पत्र लिहायला बसले नसते. पण त्या ओळीपायी आमच्या सोसायटीतल्या झाडावर कुऱ्हाड यायची वेळ आली.

झाड माझ्या हातचे. १४ वर्षांपूर्वी पोस्टातून निवृत्त झाले, त्या पावसाळ्यात वीतभर रोप आणून लावले होते. आता ते पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकले आहे आणि यंदा जूनमध्ये पहिल्यांदा फुलले. सोमवारी सकाळी सचिव पुरवणीचे पान घेऊन दारात हजर. "काकू, हे आता वाळणार म्हणे. पाडूनच टाकू, उगाच गाड्यांवर पडायला नको."

घायपात मला नवा नाही. माहेरी, खटाव तालुक्यात, बांधाला तोच होता. आम्ही त्याला केकताड म्हणायचो. पाने कुजवून, बडवून वाख काढायचा आणि दोर वळायचे. केकताडाच्या गाभ्यातून खांबासारखा दांडा सरळ वर जातो, फुले हिरवट-पिवळी आणि वर तोंड केलेली. बहर सरला की अख्खा गड्डा वाळतो, पण दांड्यावर ढीगभर पिल्ले धरून जातो. युक्काची पाने त्यामानाने पातळ, फुले खाली मान घातलेली. जो शेंडा फुलला तो तिथेच थांबतो, बाजूने नवे कोंब फुटतात आणि झाड पुन्हा फुलते. दोघांनाही आता शतावरीच्या कुळात धरतात. म्हणजे भावकी आहे, पण म्हणून एकाचे सुतक दुसऱ्याच्या दारात कशाला?

मुळात युक्का हे नावच चुकून पडलेले. कॅरिबियन बेटांवरचे लोक ज्याला युका म्हणत ते कसावाचे झाड, ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो. इंग्लंडात जॉन जेरार्ड या वनस्पती-अभ्यासकाकडे भलतेच झाड आले. त्याला ते कसावाच वाटले आणि १५९७ साली त्याने तसे छापले. पुढे १७५३ मध्ये स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने तेच नाव कायम केले. आज इंग्रजीत दोघांत एका 'सी'चा फरक उरला आहे. आमच्या नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'युक्काचे कंद उकडून खा' असा निरोप फिरला, तो याच गोंधळातून. युक्काच्या मुळाचा रिठ्यासारखा फेस होतो, अमेरिकेतले मूळ रहिवासी त्याने केस धूत. उपासाला खायची ती वस्तू नव्हे! फुलांची गोष्ट वेगळी. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशात माझ्या झाडाच्याच जातीला इझोते म्हणतात. तिथले ते राष्ट्रीय फूल, आणि आपण हादग्याच्या फुलांची भाजी करतो तसे तिथले लोक ही फुले अंड्यात परतून खातात.

वनस्पतिशास्त्रज्ञांनीही या जातीला कमी नावे दिलेली नाहीत. माझ्या रोपाच्या चिठ्ठीवर 'एलिफंटाइप्स' होते, बुंधा हत्तीच्या पायासारखा फुगतो म्हणून. पुस्तकांत कुठे 'ग्वाटेमालेन्सिस', कुठे 'जायगँटिया'. तिन्ही एकच.

शेजारच्या वहिनी विचारत होत्या, एवढी फुले येऊन फळ एकही कसे नाही? तिकडे युक्काच्या फुलांत एक छोटी पांढरी पाकोळी येते. ती परागांची गोळी करून स्वतः दुसऱ्या फुलात ठासते आणि तिथेच अंडी घालते. तिच्या अळ्या थोडे बी खातात, उरलेले झाडाला. ही पाकोळी अमेरिकेतली. साताऱ्यात ती कुठून येणार?

सचिवांना मी बुंध्यावरचे दोन हिरवे कोंब बोट लावून दाखवले. त्यांनी चष्मा काढून पाहिले आणि म्हणाले, "पण काकू, पेपरात तर..." पाडण्याचा विषय दिवाळीनंतरच्या सभेवर गेला आहे. तेव्हा त्याआधीच्या एखाद्या रविवारी दुरुस्ती छापावी, ही विनंती. कोपऱ्यात दोन ओळी असल्या तरी चालेल, मी कात्रण काढून सूचनाफलकावर लावीन.

आपली,
एक जुनी वाचक, सातारा