गोव्याच्या वादकांच्या वह्या वाळवीला नकोत

मा. संपादक,

दर नोव्हेंबरला पणजीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो आणि गोव्याच्या सिनेमाशी असलेल्या नात्यावर लेख येतात. बहुतेक लेख किनाऱ्यावरच्या शूटिंगपाशी थांबतात. मला वाटते, हे नाते खरे जुळले ते गावच्या चर्चमध्ये.

पोर्तुगीज काळात गोव्याच्या सासष्टी-बार्देश तालुक्यांतल्या चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे चर्चचे संगीतशिक्षक, मुलांना सोल्फेज (लिहिलेले सूर वाचून गाणे) आणि व्हायोलिन शिकवत. साध्या शेतकऱ्याचा मुलगाही लहानपणीच पाश्चात्त्य स्वरलिपी वाचू लागे. हीच मुले पुढे पोटासाठी मुंबईला गेली, धोबी तलावच्या कुडींत, म्हणजे गोवेकरांच्या सामायिक निवासांत, राहिली आणि स्टुडिओत वाजवू लागली. संगीतकार पेटीवर चाल बांधत. ती साऱ्या ऑर्केस्ट्रात वाटायची, प्रत्येक वादकाचा कागद वेगळा लिहायचा, हे काम गोव्याच्या अरेंजरचे. शंकर-जयकिशनसाठी ते सेबॅस्टियन डिसोझांनी केले. आपल्या सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त (१९५१) हळदोण्याच्या ‘चिक चॉकलेट’ या टोपणनावाच्या वादकाचा ट्रम्पेट आहे.

आणि सासष्टीतल्या माजोर्डे गावचे व्हायोलिनवादक व अरेंजर अँथनी गोन्साल्विस! वडील गावच्या चर्चचे मेस्त. मुलाने १९५८ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्सच्या आवारात रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. या जोडीने संगीत दिलेल्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या (१९७७) ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ या गाण्यात गुरूचे नाव आले ते त्यामुळेच. ते गाणे सगळ्यांना पाठ आहे, पण हा खराखुरा माणूस होता हे आजही अनेकांना सांगावे लागते.

साध्या वादकांचे तर नावही पडद्यावर येत नसे. पुरावा उरला तो त्यांच्या हातच्या कागदांत. आमच्या शेजारी असेच एक व्हायोलिनवादक राहत. ते गेल्यावर माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आत पिवळी पडलेली नोटेशनची पाने होती. गाण्याचे नाव कुठेच नाही, कोपऱ्यात पेन्सिलीने फक्त ‘सकाळी ९’. निम्मी पाने वाळवीने खाल्लेली. उरलेली मी मागेपर्यंत रद्दीत गेली होती. मी एक दिवस आधी गेलो असतो तर, ही रुखरुख अजून जात नाही.

सरकारला माझी एकच विनंती आहे. यंदाच्या इफ्फीआधी सासष्टी-बार्देशमधल्या वादकांच्या घरी जाणकार माणसे पाठवा, असतील त्या वह्यांची छायाचित्रे घ्या आणि कोणत्या पानावर कोणते गाणे आहे हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. ट्रंका अजून काही घरांत आहेत, पण ती पाने ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.

आपला,
एक वाचक, मडगाव