गुहेत शिरल्यावर आधी खाली बघा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बुडापेस्टमध्ये आपण सेम्लो-हेज गुहा बघू. पाल-व्योल्ज तिच्याहून खूप मोठी, पण तिथे ४०० हून जास्त पायऱ्या आणि वर ७ मीटरची शिडी. बाबांच्या गुडघ्यांना ते नको. आई, आत बाराही महिने १२ अंशांच्या आसपास असतं, स्वेटर हवाच.

आंध्रातल्या बोऱ्याच्या गुहेसारखे छताला लोंबणारे सुळके इथे जवळजवळ नाहीतच. चुनखडीवर मार्लचा, म्हणजे चिकणमाती मिसळलेल्या चुनखडकाचा थर आहे, तो पाणी खाली झिरपू देत नाही. ही गुहा कोरली ती खालून वर चढणाऱ्या कोमट पाण्याने.

म्हणून आधी तळाशी बघा. जमिनीलगतची अरुंद भेग दिसली की पाणी तिथून आलं असं समजा. तिथून नजर भिंतीने वर न्या. कोमट पाणी हलकं, ते भिंतीला धरून चढतं आणि उभी पन्हळ कोरतं. छताला टेकलं की छताच्याच पोटाने सरकत अर्धगोल नाळ पाडतं. वाट संपली की तिथेच घुटमळतं. थंड होतं, चुना विरघळवून जड होतं, खाली बसतं, मागून ताजं पाणी चढतं. असं फिरत फिरत उलट्या कढईसारखा घुमट तयार होतो. गार पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त मावतो, म्हणून थंड होतानाही त्याची चुना खाण्याची ताकद टिकते. घुमटाच्या माथ्याला वरची भेग लागली तर तो पाण्याचा निकास झाला. नाही तर घुमट आंधळाच राहतो.

नुसती नाळ बघून मात्र निकाल देऊ नका. गाळाने भरलेल्या गुहेत नदीचं पाणीही छतात अशीच नाळ पाडतं. खालची भेग, पन्हळ, नाळ, घुमट ही साखळी सलग सापडली तरच खरं. घुमटांवरून तज्ज्ञांत वादही आहे: पाणी उतरल्यावर उबदार वाफ छतावर गार होऊन तिनेच ते कोरले, असं काही जण म्हणतात. मला वाटतं, सुरुवात पाण्याने केली आणि वाफेने ते रुंदावले.

डोंगर उचलला गेला, डॅन्यूबने पात्र खोल केलं, तसे झरे खाली सरकले आणि ही गुहा कोरडी पडली. हेच काम आज मोलनार यानोश गुहेत चालू आहे. ती बरीचशी पाण्याखाली असल्याने आत फक्त पाणबुडे जातात. पण ती लुकाच स्नानगृहासमोरच आहे, आणि तिथल्या गरम पाण्यात आपल्याला उतरता येईल. पोहण्याच्या तलावात टोपी लागते, दोघांच्या बॅगेत टाका.

तुमची,
लेक