त्या रविवारची मजुरी

श्री. मिस्त्री यांस,
स. न. वि. वि.

परवा पाना शोधताना टूलबॉक्सच्या तळाशी गाडीच्या कामाचा तुमचा हिशेब सापडला. बिस्किटांच्या खोक्याचा फाडलेला पुठ्ठा आणि त्याच्या आतल्या बाजूला तुमचं तिरकं अक्षर. दिवाळीआधी तुम्ही तो हातात दिलात तेव्हा मी खालची बेरीज बघितली, पैसे दिले आणि मोकळा झालो. बँकेत तीस वर्षं लोकांची व्हाउचरं ओळ न् ओळ तपासली, आणि घरचा हिशेब नुसत्या बेरजेवर पास केला!

या वेळी उभ्या उभ्या सगळा वाचला. सिल कापून परत वेल्डिंग. हेड फेसिंग. एक्झॉस्टच्या चार सीटा. पाट्याचा प्लाय, दोन माणसं. आणि मध्येच एक ओळ: ‘रविवार. डिष्टिबूटर उलटा. माझी चूक. मजुरी नाही.’

मिस्त्री, ती चूक तुमची नव्हती, माझी होती. तुम्हाला ते त्याच वेळी ठाऊक होतं, मला पाच मिनिटांनी कळलं, आणि तिसऱ्या कुणाला आजवर माहीत नव्हतं. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. नाव घालू नका म्हणालात, नाही घालत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. नातवाला मोठ्यानं वाचायला सांगा. तुमचा चष्मा अजून माझ्या शेडच्या खिडकीत आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं मागचं सांगतो. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनाच्या चार प्लगांना पाळीपाळीनं ठिणगी वाटणारा भाग. आणि गाडी म्हणजे काकांची एमजीए, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. इंग्लंडात अ‍ॅबिंग्डनला 1955 ते 1962 या काळात या गाड्या बनल्या, एक लाखाहून थोड्या जास्त, आणि त्यातल्या बहुतेक परदेशी गेल्या, सगळ्यात जास्त अमेरिकेला. त्यातली एक फिरत फिरत मुंबईत आली आणि तिथून काकांच्या हट्टापायी कोल्हापुरात. दोन माणसांची गाडी, दाराला बाहेरून मूठच नाही. आत हात घालून तार ओढली की दार उघडतं. लहानपणी आम्हाला ते भारी वाटायचं. मूळ इंजिन काकांच्याच काळात गेलं आणि त्यांनी अँबॅसिडरचं बसवून घेतलं. पुढं काका गेले, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, आणि मी निवृत्त झाल्यावर ताडपत्री काढली.

पहिली चूक तिथंच झाली. मी गाडी एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजात दिली. त्यांचंही नाव घालत नाही, वेगळ्या कारणानं. काचेचं दार, कॉफीचं यंत्र, आणि ‘सर, पॅशन आहे आमची’ म्हणणारी इस्त्रीच्या शर्टातली पोरं. चौदा महिने गाडी तिथं होती. दर महिन्याला ‘ह्या आठवड्यात’ आणि दर तिमाहीला हप्ता. शेवटी टेम्पोतून परत आली ती अशी: एक सांगाडा आणि अकरा खोकी. त्यातल्या सात खोक्यांवर ‘इतर’ लिहिलं होतं.

दार लागत नव्हतं. मी फोन केला, तर म्हणाले तुमची गाडीच मुळात वाकडी होती. हॉर्नचं बटण हरवलं होतं, तर तुम्ही दिलंच नव्हतं. इंजिन का उघडं टाकलं, तर ते ओरिजिनल नाही, सर, विलायतेहून मागवावं लागेल, अ‍ॅडव्हान्स भरा. चौदा महिन्यांत त्या काचेच्या दाराआड एकाच्याही हातून काही चुकलं नव्हतं. जे चुकलं ते गाडीचं, नाहीतर माझं, नाहीतर काकांचं.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी ही सगळी कहाणी तुम्हाला ऐकवली. वाटलं होतं, तुम्हीही दोन शिव्या घालाल. त्यानं मला जरा बरं वाटलं असतं. तुम्ही दाराच्या फटीत बोट फिरवत वरून खाली गेलात आणि एवढंच म्हणालात, “घाई केल्याली दिसतीया.” मग उकिडवे बसून मला दाखवलंत: बॉडी चासीवरून उतरवून, दारं काढून, मोकळ्यातच सिल, म्हणजे दाराखालचे पत्र्याचे पट्टे, जोडले होते. मधला भाग धरायला काही नसलं की बॉडी केळ्यासारखी वाकते, आणि त्या वाकेवरच वेल्डिंग पक्कं होतं. तुम्ही बॉडी चासीवर बोल्टनं आवळलीत, दारं लटकवलीत, दाराभोवती दुहेरी पुठ्ठ्याचे तुकडे खोचलेत, आणि मगच सिल कापलेत. तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी दार दोन बोटांनी ढकललं तर टप्प करून लागलं. मी ते वीसेक वेळा उघडून लावलं. तुम्ही काही बोलला नाहीत, चहा पीत बसलात.

इंजिनाचं तर विचारूच नका. मी घाबरत घाबरत म्हटलं, हे अँबॅसिडरचं आहे, मूळ नाही. तुम्ही ब्लॉकवर थाप मारलीत. “साहेब, ह्ये इंजान माज्या वळकीचं हाय. गोत एकच.” खरंच होतं की. एमजीएमधलं 1489 सीसी इंजिन आणि आपल्या अँबॅसिडर टॅक्सीतलं 1489 सीसी इंजिन, दोन्ही ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या एकाच बी-सिरीज घराण्यातली. एकाला दोन कार्बोरेटर आणि 70 च्या आसपास अश्वशक्ती, दुसऱ्याला एक कार्बोरेटर आणि 50 च्या आसपास. सख्खे चुलतभाऊ, एक विलायतेत रेसला गेला, दुसऱ्यानं हावडा स्टेशनाबाहेर संसार केला. अँबॅसिडर 2014 मध्ये बंद पडली, पण तिची इंजिनं उघडलेले हात उद्यमनगरात अजून आहेत. विलायतेहून काय मागवायचं होतं त्या पोरांना?

काकांनी मूळचे दोन एसयू बनावटीचे कार्बोरेटर ट्रंकेत जुन्या धोतरात गुंडाळून ठेवले होते. ते तुम्ही चुलतभावाला चढवलेत. हेड थोडं तासून घेतलंत. डायनॅमो काढून मारुतीचा अल्टरनेटर बसवलात, त्यासाठी गाडीची उलटी अर्थिंग (बॅटरीचा प्लस बॉडीला) सरळ केलीत, सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांच्या जागी एक बारा व्होल्टची ठेवलीत. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या बदलायला लावल्यात, कारण आताच्या पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्यानं फुगतं. ऊस आपला, मळी आपली, आणि नळी फुगली ती काकांच्या गाडीची! शुद्धतावाद्यांना यातलं काहीच आवडणार नाही. एकानं मला तोंडावर सांगितलं, ही आता एमजीए राहिली नाही. त्यांची एमजीए ताडपत्रीखाली उभी असते. माझी रंकाळ्यावर जाऊन येते.

पण आभार यातल्या कशाचे मानायचे नाहीत. या सगळ्याची मजुरी तुम्ही रीतसर घेतलीत, पै न् पै, आणि ते मला आवडलं होतं. फुकट काम करणारा माणूस मला बँकेत असल्यापासून अवघड वाटतो.

तर तो रविवार. तुम्ही शनिवारी संध्याकाळी जाताना बजावलं होतं, “डिष्टिबूटर उद्या बसवू.” मला रात्री राहवेना. पुस्तक उघडलं, एक नंबरचा पिस्टन वर आणला, डिस्ट्रिब्युटरला फिरवणारा दांडा, म्हणजे ड्राइव्ह, आत सोडला, वर डिस्ट्रिब्युटर ठेवला, वायरी 1-3-4-2 क्रमानं लावल्या, आणि स्वतःवर खूश होऊन झोपलो. पिस्टन दोनदा वर येतो, एकदा दाबून धरायला आणि एकदा धूर बाहेर टाकायला, हे मलाही ठाऊक होतं. फक्त रात्री साडेअकराला आठवलं नाही.

सकाळी अंगणात पंधरा माणसं. हिनं हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मेहुणा मोबाइल धरून उभा. मी आत बसून ‘एस’ लिहिलेली मूठ ओढली. इंजिन फिरलं, खोकलं, आणि पुढच्या कार्बोरेटरातून फाडकन जाळ निघाला. मुलं किंचाळली. परत ओढली, परत फाड. मेहुणा म्हणाला, “भावजी, गाडी केलीय की तोफ?”

तुम्ही घाई केली नाहीत. एक नंबरचा प्लग काढलात, भोकावर अंगठा ठेवलात आणि पोराला हँडल हळू फिरवायला सांगितलंत. आतल्या दाबानं अंगठा उडाला. डिस्ट्रिब्युटरची कॅप उचलून बघितलीत. आतला फिरता रोटर एक नंबरऐवजी चौथ्याकडं तोंड करून बसला होता. मी शेजारीच वाकलो होतो, मलाही दिसलं. पोटात गोळा आला. तुम्ही मान वर केलीत, एकदाच माझ्याकडं बघितलंत, आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालात, “माज्याच हातनं उलटा बसलाय ह्यो.”

एकची वायर चारला, दोनची तीनला, दोन मिनिटांचं काम. तेवढ्यात मेहुण्यानं तोंड सोडलं: “मिस्त्री, वय झालं आता. दुकान पोरांकडं द्या.” सगळे हसले. तुम्ही हसलात.

मिस्त्री, मीपण हसलो.

मग मूठ ओढली आणि गाडी सुरू झाली. टाळ्या, पेढे, फोटो. मी सगळ्या फोटोंत आहे. तुम्ही एकातही नाही, कारण तुम्ही कार्बोरेटरपाशी वाकलेले होतात, कानाला रबरी नळी लावून. पुढच्याचा हिस्स ऐकायचा, मागच्याचा हिस्स ऐकायचा, दोन्ही सारखे होईतो स्क्रू फिरवायचा. जरा वेळानं ती नळी तुम्ही माझ्या कानात घातलीत. “ऐका.” बाहेर इतका गलका होता, आणि त्या नळीत फक्त गाडीचा श्वास.

सोमवारी तुम्ही परत आलात. कशाबद्दल काही बोलला नाहीत. अडीच सुताचा एक लांब बोल्ट माझ्या हातात दिलात: “ह्यो आत फिरवा आन वडा वर.” ड्राइव्ह बाहेर आला. प्लगच्या भोकावर माझा अंगठा ठेवायला लावलात, हँडल तुम्ही फिरवलंत. “आता उडाला? मग आता सोडा.” माझ्याकडून तीनदा काढून तीनदा बसवून घेतलंत. शिकवणी घेतोय असं कुठंही दाखवलं नाहीत. वायरी मूळ जागी यायला हव्यात, एवढंच कारण.

तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही माझी लाज राखलीत, फार झालं. पण पुठ्ठ्यावरची ती ओळ वाचली आणि बसलोच. अंगणात बोललात ते पंधरा माणसांसाठी होतं, समजू शकतो. हिशेब तर आपल्या दोघांतलाच होता. तिथं खरं लिहिलं असतंत, किंवा काहीच न लिहिता त्या दिवसाचे पैसे लावले असतेत, तर मी निमूट दिले असते. तुम्ही मात्र एकदा अंगावर घेतलेली चूक शेवटपर्यंत अंगावर ठेवलीत, आणि वर तिची मजुरी सोडलीत. मी नोकरीत चांगले साहेब पाहिले, हाताखाली चांगली माणसं मिळाली. कॅशमध्ये फरक आला की दुसऱ्याच्या काउंटरकडं बोट दाखवणारे मात्र भरपूर बघितले, आणि खरं सांगायचं तर एकदोनदा त्यात मीही होतो. दुसऱ्याचा फरक आपल्या खिशातून भरून वर तो आपलाच म्हणून सही करणारा माणूस मी चाकरीत पाहिला नाही. तो मला शेडमध्ये, उकिडवा बसलेला, दिवाळीआधी भेटला.

बाकी रविवारांच्या दरानं त्या रविवारची मजुरी काढली आहे. पाकीट तयार आहे. घ्यायची नाही म्हणालात तर वाद घालीन, आधीच सांगतो.

हे पत्र सगळ्यात आधी मेहुण्याला वाचायला दिलं. त्यानं दोनदा वाचलं. मग मोबाइलमधला तो व्हिडिओ काढून बघितला, त्याचा स्वतःचा आवाज येतो तिथपर्यंत, आणि बंद केला. संध्याकाळी फोन करून विचारलं, “मिस्त्री रविवारी घरी असतात का?”

तर येत्या रविवारी आम्ही दोघं येतोय, गाडीनंच. मागचा कार्बोरेटर परत जास्त ओढतोय असं वाटतं, पण नळी तुमच्याकडं राहिली, त्यामुळं खात्री नाही. चष्मा घेऊन येतो.

तुमचा,
एमजीएवाला