पातळी वेगळी, वर्ग वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सॉफ्टवेअरमधील बिघाडांची चर्चा होते तेव्हा चाचण्या अपुऱ्या पडल्याचे सांगितले जाते. मात्र चालू यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे बाहेर कळण्याची सोय होती का, असे क्वचितच कोणी विचारते. ड्रायव्हर वा फर्मवेअर (उपकरणे चालवणारे सॉफ्टवेअर) लिहिणाऱ्यांची ती सोय म्हणजे डीबग संदेश, अर्थात दोष शोधता यावा म्हणून प्रोग्रामने छापलेल्या ओळी, आणि त्यांतले हवे तेवढेच कसे निवडायचे याचा विचार बहुधा अगदी शेवटी, घाईत होतो.

मुख्य घोळ होतो तो संदेशाचे गांभीर्य आणि त्याचा विषय एकच मानल्यामुळे. लिनक्स कर्नेलमध्ये (त्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मध्यवर्ती भागात) गांभीर्याच्या ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत. पण शोध केवळ डीएमएचा (उपकरण आणि मेमरी यांच्यातील थेट देवाणघेवाणीचा) असताना पातळी वाढवली, तर ज्यांच्याशी कर्तव्य नाही असे विभागही बोलू लागतात. त्याच कर्नेलच्या डीआरएम या ग्राफिक्स विभागात म्हणून संदेशांच्या प्रत्येक वर्गाला, म्हणजे विषयाला, एक बिट दिलेला आहे. १ म्हणजे गाभा, २ म्हणजे ड्रायव्हर, ४ म्हणजे मोडसेटिंग (पडद्याचे रिझोल्यूशन वगैरे ठरवणे). ६ (२ + ४) हा आकडा दिला की शेवटचे दोन वर्ग बोलतात, बाकीचे गप्प राहतात, आणि त्यासाठी कोड पुन्हा कंपाइल करावा (यंत्रभाषेत उतरवावा) लागत नाही.

वर्ग फाइलींच्या नावांवरून पाडू नयेत, शोधणाऱ्याला पडणाऱ्या प्रश्नांवरून पाडावेत. ‘इतर’ नावाचा वर्ग तर ठेवूच नये. वर्षभरात निम्मे संदेश तिथेच जाऊन पडतात!

बंद वर्गाचा खर्च एक बिट तपासण्याइतकाच असावा आणि संदेशात छापायची मूल्येही त्या तपासणीनंतरच काढली जावीत. १,१५,२०० बॉडच्या (म्हणजे सेकंदाला तेवढे बिट पाठवणाऱ्या) सिरियल पोर्टवर, अक्षरामागे दहा बिट धरता, ८० अक्षरांची ओळ जायला सुमारे सात मिलिसेकंद लागतात, आणि इंटरप्ट हँडलरला (उपकरणाच्या हाकेला तत्काळ उत्तर देणाऱ्या कोडला) एवढा उशीर परवडत नाही. माझ्या एका कामात सगळे संदेश सुरू केले की दोष नाहीसा होई, बंद केले की परत येई. एकच वर्ग चालू ठेवून त्याचे संदेश आधी मेमरीतील रिंग बफरमध्ये (भरल्यावर जुन्या नोंदींवर नव्या लिहिणाऱ्या जागेत) साठवले, तेव्हा कुठे तो हाती लागला.

अंतिम बिल्डमधून संदेश काढायचेच असतील, तर ते प्रीप्रोसेसरने (कंपायलरच्या आधी कोडवर चालणाऱ्या टप्प्याने) छाटण्याऐवजी कायम खोट्या ठरणाऱ्या अटीमागे ठेवावेत. ऑप्टिमायझर (कंपायलरचा अनावश्यक कोड काढणारा भाग) ते गाळतोच, पण त्याआधी कंपायलर ते तपासतो, त्यामुळे एखाद्या चलाचे नाव बदलले तर चूक त्याच दिवशी दिसते.

आपला,
एक फर्मवेअर अभियंता